चेनसॉचं मॉडेल कोणतं? सिरियल नंबरवरून कसं ओळखावं

सुटा भाग मागवायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: मॉडेल कोणतं? आणि नेमकं तेव्हा लक्षात येतं की हँडलवरचं नाव कधीच घासून गेलंय. सिरियल नंबर दिला की मॉडेल, सीसी, बारची (चेन ज्या पट्टीभोवती फिरते तिची) लांबी असं सगळं धडाधड कळेल, अशी अनेकांची समजूत असते. सहसा तसं होत नाही. सिरियल नंबर त्या एका मशीनचा असतो, मॉडेलचा नव्हे. काही कंपन्यांच्या नंबरात तारीख असते, काहींच्या नंबरात बाहेरच्या माणसाला वाचता येईल असं काहीच नसतं. म्हणून नंबराला नेहमी दुसऱ्या एखाद्या पुराव्याची जोड द्यायची.

आधी नंबर शोधा

इंजिन थंड होऊ द्या, स्पार्क प्लगची कॅप काढून ठेवा आणि हातमोजे घाला. बंद मशीनच्या चेननेही हात चांगलाच कापतो. प्लॅस्टिकच्या कव्हरवर वेळ घालवू नका. नंबर बहुतेक क्रँककेसवर, म्हणजे धातूच्या मुख्य अंगावर ठोकलेला असतो, नाहीतर तिथे लावलेल्या छोट्या पट्टीवर असतो. सायलेन्सरच्या आजूबाजूला, बार बसतो त्या बाजूला आणि मागच्या हँडलच्या खाली बघा.

तेल आणि भुसा यांचा थर रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने काढा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात नको, पातळ पट्टीवरचे आकडे त्याने साफ निघून जातात. अक्षरं पुसट असतील तर त्यावर पांढरा खडू घासून वरवर पुसून घ्या, खाचेत खडू राहतो. मग टॉर्च तिरपा धरून फोटो काढा. ३ आणि ८ ची गफलत इथेच होते.

कंपनीप्रमाणे अर्थ लावा

हस्कवर्नाच्या नव्या मशीनवर काम सोपं आहे. नंबर समजा २०१४२५००१२३ असेल, तर पहिले ४ आकडे वर्ष, पुढचे २ आठवडा: २०१४ सालचा २५ वा आठवडा. उरलेले आकडे क्रमाचे. जुन्या, लहान नंबरात वर्षाचा एकच आकडा असतो. ३२८ ने सुरू होणारा नंबर १९८३ चा किंवा १९९३ चा २८ वा आठवडा असू शकतो. दशक मॉडेलवरूनच ठरवावं लागतं. त्याच पट्टीवर पीएनसी नावाचा ९ अंकी उत्पादन क्रमांक असेल तर तो आधी टिपून घ्या, मॉडेल खरं तोच सांगतो. जुन्या होमलाइट मशीनवर हेच काम ‘यूटी’ने सुरू होणारा क्रमांक करतो.

स्टिल (Stihl) कंपनीचा नंबर ९ अंकी असतो आणि त्यातून मॉडेल किंवा तारीख नुसत्या नजरेने काढता येत नाही. अधिकृत विक्रेत्याला नंबर दिला तर तो कंपनीच्या नोंदीत बघू शकतो. पण स्टिलमध्ये दुसरी एक सोय आहे, आणि मला ती सिरियल नंबरापेक्षा जास्त उपयोगी वाटते: सुट्या भागांवरचे क्रमांक. हे ११ अंकी असतात आणि पहिले ४ आकडे मशीनची मालिका दाखवतात. ११२३ म्हणजे ०२१, ०२३, ०२५ आणि त्यांचे पुढचे अवतार एमएस २१०, २३०, २५०. ११२७ म्हणजे एमएस २९०, ३१०, ३९०. ११२८ म्हणजे ०४४, ०४६, एमएस ४४०, ४६०. ११३० म्हणजे ०१७, ०१८, एमएस १७०, १८०. हा आकडा क्रँककेस किंवा सिलिंडरसारख्या मोठ्या भागावर बघा. बारीकसारीक भाग एका मालिकेतून दुसरीत सर्रास वापरले जातात, त्यांच्यावर विसंबू नका.

मालिका कळली, पण मॉडेल?

एमएस १७० आणि १८० बाहेरून जुळ्यासारखे दिसतात, आणि एकाचं कव्हर दुसऱ्यावर बसलेलं असू शकतं. दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीची लांबी, २८ मिमी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मात्र १७० चा ३७ आणि १८० चा ३८ मिमी. पिस्टन मागवायचा असेल तर सिलिंडर तसाही उघडणार, तेव्हा व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) बोअर मोजून घ्या. मिमीमधल्या मापांवरून सीसीचा हिशोब असा: बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, भागिले १०००. एमएस २५० साठी ४२.५ मिमी बोअर आणि ३२ मिमी स्ट्रोक धरला की ४५.४ सीसी येतात. एमएस २३० चा बोअर ४० मिमी, म्हणून ४०.२ सीसी. स्ट्रोक तोच.

अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या मशीनवर प्रदूषणाचं लेबल शाबूत असेल तर उघडण्याची गरजच नाही. त्यावरच्या इंजिन फॅमिलीच्या कोडमध्ये टिंबानंतर लिटरमधला आकारमान असतो, म्हणजे .०५६५ असेल तर साधारण ५६.५ सीसी. कोडचं पहिलं अक्षर वर्षाचं: ए म्हणजे २०१०, बी म्हणजे २०११, असं पुढे, मात्र आय अक्षर वगळतात, त्यामुळे एच २०१७ आणि जे २०१८.

बार आणि चेन वेगळी बघा

बार आणि चेन कुणीही बदललेली असू शकते, म्हणून त्यावरून मॉडेल ठरवू नका. चेन मागवायला तीनच गोष्टी लागतात: पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (ड्राइव्ह लिंकची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची, संख्या. बारच्या शेपटाकडे त्या कोरलेल्या असतात. पुसल्या असतील तर लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं करा, तो पिच. ड्राइव्ह लिंकवरचा छोटा आकडाही उपयोगी पडतो: ओरेगॉनच्या चेनवर ९१ म्हणजे ३/८ इंच लो प्रोफाइल (कमी उंचीची) आणि ०.०५० इंच गेज; ७३ म्हणजे ३/८ इंच आणि ०.०५८.

नंबरच नसेल तर

नावाजलेल्या मॉडेलची हुबेहूब नक्कल करणारी मशीन बाजारात भरपूर आहेत. कव्हरवर नाव झोकात लिहिलेलं, पण क्रँककेसवर ना ठोकलेला नंबर ना मालिकेचा आकडा, असं दिसलं तर नक्कल समजा. अशा मशीनला मूळ कंपनीचे भाग कधी बसतात, कधी नाही, म्हणून भाग मोजूनच घ्यावेत. नंबर होता पण ग्राइंडरने घासलाय असं दिसलं तर ते चोरीचं असण्याची शक्यता मोठी. किंमत कितीही कमी असली तरी ते घेऊ नका.