मुलांना माहितीपट शिकवताना या चुका टाळा

वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या भाषांतली मुलं एकत्र आली की शिकवणाऱ्याच्या तोंडून हमखास एक वाक्य निघतं: "प्रत्येकानं आपापल्या संस्कृतीवर फिल्म करा." हेतू चांगलाच असतो, पण कार्यशाळा फसते ती इथेच. मुलं ठेवणीतले कपडे, सणाचा पदार्थ आणि एक नाच घेऊन येतात, आणि सहाच्या सहा फिल्म्स सारख्याच दिसतात. त्यातल्या एखाद्या मुलीनं तो सण धड पाहिलेलाही नसतो. आईला विचारून लिहिलेली माहिती ती कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवते. दिग्दर्शक व्हायला आलेली पोर समाजाची प्रवक्ती होऊन बसते.

ही खोड माहितीपटाइतकीच जुनी आहे. 'नानूक ऑफ द नॉर्थ' या १९२२ च्या चित्रपटासाठी दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतल्या इन्युइट लोकांना जुन्या पद्धतीनं शिकार करायला लावलं, तेही त्यांच्या हाती बंदुका आलेल्या असताना. इग्लूच्या, म्हणजे बर्फाच्या घराच्या आत उजेड पुरेना म्हणून चित्रीकरणासाठी तो एका बाजूनं उघडा बांधला. नायकाचं खरं नावसुद्धा नानूक नव्हतं.

म्हणून विषय देऊ नका, मुलांकडून प्रश्न घ्या. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न हवा. घरात कोण कुणाशी कुठल्या भाषेत भांडतं? रात्रपाळीहून बाबा परततात तेव्हा घर कसं असतं? माझं नाव शाळेत सगळे वेगळंच का उच्चारतात? जोड्याही दोन वेगळ्या घरांतल्या मुलांच्या लावा. परक्या मुलाला जे विचारावंसं वाटतं, ते घरच्याला सुचतच नाही.

मुलाखतीत आजी गप्प बसते. बहुतेकदा तिला गटाच्या सामायिक भाषेत विचारलेलं असतं. तिला तिच्या भाषेत बोलू द्या, सबटायटल्स नंतर करता येतात. "तुला तिकडे आवडायचं का?" याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येणार. "सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय दिसायचं?" असं विचारलं की ती बोलायला लागते. भाषांतर त्याच घरच्या मुलानं करावं, पण तपासायला ती भाषा जाणणारं मोठं माणूस हवं. मुलं घरच्यांचा राग आणि रडणं भाषांतरात हळूच पुसून टाकतात. आणि घर सोडून पळावं लागलेल्या कुटुंबांत, जे मुलानं आजवर ऐकलेलं नाही ते कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा ऐकायची वेळ त्याच्यावर येऊ शकते. आधी घरच्या मोठ्यांशी बोलून घ्या.

"हा शॉट कंटाळवाणा आहे, काढ." जरा थांबा. १९६६ साली सोल वर्थ आणि जॉन अडेर या संशोधकांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनात नव्हाहो या मूलनिवासी जमातीतल्या काही लोकांना कॅमेरा आणि संकलन शिकवलं, मात्र काय टिपायचं ते त्यांच्यावर सोडलं. त्यांच्या फिल्म्समध्ये माणसं बराच वेळ नुसती चालत असतात आणि चेहऱ्याचे क्लोजअप क्वचित दिसतात. आपल्यासारख्यानं ते चालणं पहिल्याच बैठकीत कापलं असतं. कापण्याआधी "हे का ठेवलंस?" एवढं विचारा. कधी उत्तर येतं, कधी मूल म्हणतं, "कॅमेरा बंद करायचा राहिला." मग खुशाल कापा.

तांत्रिक चुका थोड्याच, पण त्याच त्या. चित्र अंधूक असलं तरी लोक पाहतात, आवाज खराब असला तर उठून जातात. माइक नसेल तर फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा आणि फ्रिज बंद करा. (घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायची आठवण राहते.) प्रत्येक जागी ३० सेकंद कुणीही न बोलता तिथला नुसता आवाज टिपून घ्या, संकलनात सांधे झाकायला तो लागतोच. शॉट मनात दहा मोजेपर्यंत हलवू नका. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन मुलाखतीत मावशीचा फोन येतो.

राहिली संमती. पालकांची सही पहिल्या दिवशी घेऊन फाइलला लावली की काम झालं असं समजू नका. कॅनडाच्या फोगो बेटावर १९६७ साली नॅशनल फिल्म बोर्ड या तिथल्या सरकारी चित्रपट संस्थेनं चित्रीकरण केलं, तेव्हा ज्यांना टिपलं त्यांना आधी दाखवून, त्यांनी मान्य केल्यावरच ते इतरांना दाखवलं जाई. तसंच करा. तयार फिल्म आधी ज्यांची आहे त्यांनाच दाखवा, मुलांनाही "यातलं काय काढू?" असं स्वतंत्रपणे विचारा, आणि इंटरनेटवर टाकायची परवानगी वेगळी घ्या. यासाठी जाहीर खेळाच्या आधी निदान एक आठवडा मोकळा ठेवा. आदल्या रात्री कुणी नको म्हटलं, तर घाईत आपण त्यालाच समजावत बसतो.