लसीकरण नोंदवहीतून बदल कसा ताडून पाहावा

राष्ट्रीय वेळापत्रकात १ जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसबरोबर, एफआयपीव्हीचा (कमी मात्रेत टोचल्या जाणाऱ्या पोलिओ लसीचा) तिसरा डोस समाविष्ट झाला. हा बदल आपल्या उपकेंद्रात किती लवकर रुजला हे पाहायचे असल्यास महिन्याच्या डोसांची बेरीज फारशी उपयोगी पडत नाही, कारण तिच्यात उशिरा आलेली मुलेही मिसळलेली असतात.

त्याऐवजी मुलांचे जन्ममहिन्यानुसार गट पाडावेत. एप्रिल २०२२ मध्ये जन्मलेली मुले जानेवारी २०२३ मध्ये नऊ महिन्यांची झाली, म्हणून गणना तेथून सुरू करावी. ज्यांचे वर्ष अजून भरलेले नाही ती मुले तूर्त बाजूला ठेवावीत. प्रत्येक गटात गोवर-रुबेलाची तारीख असलेली मुले हा छेद धरून, त्यांपैकी किती जणांना त्याच दिवशी एफआयपीव्ही मिळाली ते मोजावे. नुसती बरोबरची खूण असलेली नोंद वेगळी काढावी, कारण तारखेशिवाय डोसच्या वेळचे वय निघत नाही. जुन्या छापील वहीत तिसऱ्या डोसचा रकानाच नसेल तर शेऱ्याची जागा वाचावी. ती न पाहता ‘डोस चुकला’ म्हणणे आरोग्यसेविकेवर अन्यायाचे ठरेल. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले मात्र वगळू नयेत, त्यांचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहून बाहेरगावी घेतलेला डोस वेगळ्या शाईने नोंदवावा.