पेरणीनंतर जमिनीला खपली धरते? या चुका टाळा

पेरणी होते, लगेच जोराची सर येते, पाठोपाठ कडक ऊन पडते आणि आठवडा उलटला तरी बाजरीच्या ओळी दिसत नाहीत. अशा वेळी बियाण्याला दोष देऊन दुबार पेरणीच्या तयारीला लागणे ही पहिली चूक होय. आधी ओळीत चार-दोन ठिकाणी माती अलगद उकरून पाहावी. कोंब निघूनही वरच्या कडक थराखाली वाकडा व पिवळट होऊन अडकला असेल, तर बियाणे चांगले असून अडथळा अवघ्या काही मिलिमीटर जाडीच्या खपलीचा आहे.

सोलापूर-अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या हलक्या जमिनींत किंवा तेलंगणातील तांबड्या जमिनींत टपोऱ्या थेंबांच्या माऱ्याने मातीची कणरचना फुटते, सुटलेले बारीक कण छिद्रे बुजवतात आणि वाळल्यावर त्यांचा घट्ट थर बनतो. उगवण अडते हे डोळ्यांना दिसते. पुढचा पाऊस न मुरता वाहून जातो हे मात्र सहसा ध्यानात येत नाही, आणि कोरडवाहू शेतीत ते नुकसान अधिक मोठे असते.

रोटाव्हेटर पुन्हा पुन्हा फिरवून मातीचा भुगा करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. असे रान देखणे दिसते खरे, पण पहिल्याच सरीत ते लिंपल्यासारखे होते. वापशावर, म्हणजे जमिनीत मशागतीजोगी ओल असताना, कुळवाची पाळी देऊन लहान ढेकळे राहू द्यावीत. ओल खाली आहे म्हणून बाजरी खोल पेरणेही टाळावे. दोन-तीन सेंटीमीटर खोली पुरेशी असते. कुजलेले शेणखत थोडेच असेल, तर ते रानभर विस्कटण्यापेक्षा पेरलेल्या ओळीवर पातळ पसरावे.

खपली पूर्ण वाळून टणक झाल्यावर ती फोडू गेल्यास ढलप्यांबरोबर कोंबही मोडतात. किंचित ओल असतानाच काटेरी फांद्यांचा हलका भार ओळींवरून ओढावा. तुषार संच असल्यास बारीक थेंबांचे हलके पाणी द्यावे.

खपली दिसली की जिप्सम टाकणे हाही गैरसमज आहे. वाळलेले ढेकूळ पावसाच्या स्वच्छ पाण्यात न हलवता ठेवावे. ते नुसते ढासळले, तर सेंद्रिय पदार्थांची उणीव संभवते. भोवती दुधाळ गढूळपणा पसरत राहिला, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियमचे प्रमाण जास्त असलेली, असण्याची शक्यता असते. तेव्हाही माती व विहिरीचे पाणी तपासूनच जिप्समची मात्रा ठरवावी.

आच्छादनासाठी कडबा वापरण्याचा सल्ला कागदावर ठीक वाटतो, परंतु जनावरे असलेल्या घरात तो शिल्लक राहत नाही. त्याऐवजी तुरीच्या तुऱ्हाट्यांचा बारीक चुरा, फुलोऱ्यापूर्वी उपटलेले तण आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला पिकाच्या दोन ओळींमध्ये पसरावा. उगवणाऱ्या ओळीवर मात्र त्याचा जाड थर देऊ नये.