खोड म्हणावं कुठे आणि सवय कुठे

इंदुरात, रामबागेत, मी मुलांना मराठी शिकवते. घरात मराठी, शाळेत नि गल्लीत हिंदी. त्यामुळे जुनी, मुरलेली कुठलीही गोष्ट असो, मुलं एकच शब्द काढतात: आदत. "आजोबांना मधेच बोलायची आदत आहे." कळतं, पण मराठीची चव जाते. इथे खोड हवी.

आधी लिंग सांभाळा. माणसाची ती खोड, झाडाचं ते खोड. "त्याचं खोड जात नाही" म्हटलंत तर ऐकणारा झाड शोधेल. खोडी आणखी वेगळी. खोडी काढली की ती तेवढ्यापुरती असते, खोड मात्र वर्षानुवर्षं चालते.

वाक्यात तिच्याआधी '-यची' लावा: नखं खायची खोड, उधार मागायची खोड. खोड असते, लागते, जडते. घालवायची तर मोडतात, पण "त्याची खोड मोडली" यात अद्दल घडवल्याचा सूर येतो, म्हणून लहान मुलांबाबत "सवय सोडवली" म्हणणंच मला बरं वाटतं.

सवय की खोड, असा प्रश्न पडला तर आधी 'चांगली' लावून बघा. चांगली सवय होते, चांगली खोड होत नाही. ("चांगली खोड मोडली" यातलं 'चांगली' मोडण्याचं आहे, खोडीचं नव्हे.) खोड म्हटलं की कुणाला तरी ती खुपतेय. आम्ही इंदूरकर वरणभातावरही शेव भुरभुरतो, ती आमची सवय. पुण्याहून आलेली आत्या तिलाच खोड म्हणते. दोघींचं मराठी बरोबर आहे.

अंगवळणी हा शब्द मुलं हमखास चुकवतात. तो 'पडणे' बरोबरच येतो आणि काम अंगवळणी पडतं, माणूस नाही. "पहाटे उठणं माझ्या अंगवळणी पडलं" बरोबर, "मी अंगवळणी पडलो" चूक. काटकसर, टापटीप असं स्वभावातच उतरलेलं असेल तर "हाडीमाशी खिळलंय" म्हणा.

अट्टल मात्र सवयीला लावू नका, माणसाला लावा, तेही वाईटासाठी: अट्टल जुगारी, अट्टल चोर. रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूपासून (तळलेल्या कंदापासून) जिलबीपर्यंत सगळं चाखणारा काका अट्टल नव्हे, पट्टीचा खवय्या.

राहिली म्हण: जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. 'जित्या' हे कुणाचं नाव वाटतं मुलांना. जिता म्हणजे जिवंत. हिंदीतलं 'जीता-जागता' आठवून दिलं की लगेच उमगतं. पुन्हा पुन्हा सांगूनही माणूस तेच करतो, तिथे ही म्हण वापरा. मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना उद्देशून ती त्यांच्यासमोर म्हणू नका. तिच्यात मरणाचा उल्लेख आहे आणि तो त्यांना लागतो.