नंदीचा कान कोरायचा असेल तर चेनसॉ कोणती घ्यावी

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडे तान्हा पोळा (लहान मुलांचा पोळा) जवळ आला की लाकडी नंदीला मागणी येते. दोन फुटी नंदी वाकस-पटाशीने घडवायला मला आठवडा सहज लागायचा. चेनसॉने अंगाचा ढोबळ आकार एका दुपारी निघतो. म्हणून गावातली चार-पाच पोरं आता मला विचारतात, "भाऊ, कोणती मशीन घेऊ?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी पहिल्यांदा वापरली ती शेतावरची झाडं कापायची मशीन, 18 इंची बारची. बार म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी. पाठ, वशिंड, पोट छान निघालं. कानामागची खाच घ्यायला गेलो आणि बारच्या रुंद टोकाने कानच उडाला. शेजारचे सुतारकाका बघत होते. म्हणाले, "टोक एवढं मोठं ठेवशीन त उद्या शिंगही उडवशीन बाबू." त्या दिवसापासून मी मशीन बघताना आधी बारचं टोक बघतो, इंजिन नंतर.

साध्या बारचं टोक रुंद असतं. चेन त्यावरून मोठा वळसा घेऊन फिरते, त्यामुळे नाकपुडीसारखी बारीक जागा त्याने कोरता येत नाही. कोरीव कामासाठी निमुळत्या टोकाचा वेगळा बार मिळतो, त्याला कार्व्हिंग बार म्हणतात. टोकाच्या मापांना अमेरिकेतल्या नाण्यांची नावं आहेत. डाइम टिप म्हणजे साधारण 18 मिमी रुंद टोक, आपल्या रुपयाच्या नाण्याहूनही थोडं लहान. क्वार्टर टिप साधारण 24 मिमी. नंदीचे डोळे आणि कान करायचे असतील तर डाइमच घ्या. लांबी 10 किंवा 12 इंच पुरे.

टोक लहान असण्याचा दुसरा फायदा जिवाचा आहे. टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाला लाकूड लागलं की मशीन उसळून तोंडाकडे येते. लहान टोकाला ही उसळी कमी बसते, पण बसतच नाही असं समजू नका. कोरीव कामात आपण टोकानेच कापत असतो, त्यामुळे दोन्ही हातांची पकड सोडायची नाही आणि चेन ब्रेक, म्हणजे उसळी बसली की चेन थांबवणारा दांडा, रोज सकाळी तपासायचा.

आता चेन. चेनच्या कड्या जोडणाऱ्या सलग तीन रिबिटांमधलं अंतर पट्टीने मोजा आणि निम्मं करा, तो झाला पिच. छोट्या मशीनला बहुधा 3/8 इंची लो प्रोफाइल चेन येते, म्हणजे तीन रिबिटांत साधारण 19 मिमी. डाइम टिपला लागते 1/4 इंची, तीन रिबिटांत 12.7 मिमी. तिचे दात लहान, काप अरुंद, लाकूड कमी फाटतं. फक्त बार-चेन बदलून भागत नाही, क्लचजवळचं स्प्रॉकेटही (चेन फिरवणारं दातेरी चाक) त्याच पिचचं लागतं. म्हणून मशीन घेण्याआधीच दुकानदाराला विचारा: या मॉडेलला 1/4 चं स्प्रॉकेट आणि कार्व्हिंग बार मिळेल का? 'नाही' म्हणाला तर मशीन कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

इंजिन 25 ते 35 सीसीचं, वजन तीन-चार किलोच्या आसपास. वरून मूठ असलेली मशीन हलकी असते आणि एका हाताने चालवायचा मोह होतो. ती झाडावर चढून काम करणाऱ्या शिकलेल्या माणसांसाठी बनवलेली आहे. नवख्याने मागे मूठ असलेलीच घ्यावी.

बाजारात चार-सहा इंची बॅटरीच्या मशीनही आल्या आहेत. शिवणीच्या लाकडावर बारीक काम त्या बरं करतात. पण बऱ्याच मॉडेलमध्ये चेनला तेल आपोआप जात नाही, थोड्या थोड्या वेळाने हाताने घालावं लागतं. विसरलात तर बार निळा पडतो. विजेच्या तारेवरची मशीन स्वस्त असते, पण गावात व्होल्टेज पडलं की मोटर तापते. माझं मत पेट्रोलचं आहे. फक्त पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, त्यामुळे पोळा झाल्यावर टाकी रिकामी करूनच मशीन ठेवा. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक ऑइल माहितीपुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच. 50:1 म्हटलं असेल तर लिटरला 20 मिली.

शिकायला शिवण घ्या. मऊ, फारशी तडकत नाही. सागवानात सिलिका असल्याने धार लवकर जाते. तुकडा आरा मशीनवरून पावती घेऊनच आणा. सागवान वाहून न्यायला परवाना लागतो. जुन्या घराच्या तुळ्या फुकट मिळतात, पण आतल्या खिळ्याने एका क्षणात सगळे दात जातात. चेनमधून कपच्या पडण्याऐवजी पीठ पडायला लागलं की थांबा आणि गोल कानशीने धार करा, प्रत्येक दाताला सारख्याच फेऱ्या. 1/4 च्या चेनला बहुधा 4 मिमीची कानस लागते, डब्यावर बघून घ्या.

चेहऱ्याला जाळी, कानांना मफ, पायात बूट. आणि उन्हासाठी गळ्यात दुपट्टा बांधायची आपली सवय आहे, तो मशीन हातात घेण्याआधी काढून दूर ठेवा. लोंबतं टोक चेनमध्ये गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही.

पहिला नंदी करताना कानाजवळ एक बोट लाकूड जास्त सोडा. उरलेलं पटाशीने काढायचं.