उद्यमबागेत नवीन लागलाय? मेल-कॅलेंडरचे शॉर्टकट आधी बोटात बसवा

खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडनं पोरं-पोरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ऑफिसात लागतात, एक्सेल शिकून आलेली असतात पण मेल वापरलेला सगळा मोबाईलवर. इथं डिस्पॅच असो की परचेस, निम्मा दिवस मेलातच जातोय, ड्रॉइंग पाठवा, पीओची (परचेस ऑर्डरची) आठवण करा, एलआर (ट्रान्सपोर्टची लॉरी रिसीट) कॉपी द्या, आणि दरवेळी माऊस शोधत बसलं की काम रेंगाळतंय.

जीमेलमध्ये शॉर्टकट आधी चालू करावे लागतात. कॉम्प्युटरवर गिअरच्या चिन्हावर क्लिक, सगळी सेटिंग्ज, जनरलमध्ये कीबोर्ड शॉर्टकट ऑन, आणि पार खाली जाऊन सेव्ह चेंजेस. हे खालचं बटणच राहून जातंय आणि मग 'चालंना की हे' म्हणून बोंब. तिथंच अनडू सेंड, म्हणजे पाठवलेला मेल मागं घ्यायची मुदत, ५ सेकंदाची ३० करून टाका, कारण कंट्रोल-एंटर मारलं की मेल सरळ सुटतोय.

खरी गोष्ट म्हणजे कर्सर कुठाय ते बघायचं. लिहायच्या बॉक्सात असताना आर दाबला तर आर उमटणार, उघडलेल्या मेलवर दाबला तर रिप्लाय. ए म्हणजे रिप्लाय ऑल, एफ फॉरवर्ड, सी नवीन मेल. सीसीमध्ये दुसरा सप्लायर असला आणि तुम्ही ए दाबून रेट पाठवलात तर कल्पना करा, म्हणून आर आणि ए मध्ये घाई नको. ई दाबला की मेल इनबॉक्समधनं जातोय, नवीन माणूस घाबरतोय, पण तो डिलीट नाही, आर्काइव्ह झालाय, ऑल मेलमध्ये सापडतोय. लगेच झेड दाबला तर परत जाग्यावर.

आपल्याकडं आणि एक भानगड, मशीनवर इंग्रजी, कन्नड, मराठी तिन्ही कीबोर्ड. कन्नड किंवा मराठी चालू असला तर एका अक्षराचे शॉर्टकट चालतीलच असं नाही, विंडोज-स्पेस दाबून आधी इंग्रजीवर या.

आउटलुकवाल्या ऑफिसात सगळं वेगळं. विंडोजच्या जुन्या आउटलुकमध्ये कंट्रोल-एफ म्हणजे शोधणं नव्हं, फॉरवर्ड! शोधायला कंट्रोल-ई. कंट्रोल-१ मेल, कंट्रोल-२ कॅलेंडर, एवढं पाठ असलं तरी बास.

गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये पण शॉर्टकटची टिक असते, ती बघून घ्या. तिथं सी म्हणजे नवीन इव्हेंट, टी आज, डब्ल्यू आठवडा, एम महिना. मला सगळ्यात उपयोगी 'जी' (G) वाटतो, तो दाबून तारीख टाकली की सरळ तिथं. पुण्याची पार्टी १ नोव्हेंबरला खुशाल मीटिंग मागते, त्यांना कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी कुठं ठाऊक असणार, फोन चालू असतानाच बघून दुसरा दिवस सांगता येतोय.

यादी प्रिंट काढून भिंतीवर चिकटवू नका, कोण बघत नाही. जीमेल उघडा, कर्सर बॉक्साबाहेर ठेवा, शिफ्ट धरून प्रश्नचिन्ह दाबा, सगळी यादी समोर येते.