लोह वरच्या थरात चढवायचं: बारावीच्या वर्गात जमणारा प्रयोग

शेवभाजी पुढ्यात आली की वर लाल तर्री आणि खाली रस्सा. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून तेलाबरोबर वर येऊन बसतो. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात (सॉल्व्हंटमध्ये) पाण्यातला पदार्थ ओढून घेणं, शिकवायला मी इथूनच सुरू करतो, जळगाव-धुळ्याच्या पोराला तर्री समजवावी लागत नाही. धातूच्या आयनाचं मात्र उलटं, त्याच्यावर चार्ज असतो, पाण्याचे रेणू त्याला घेरून बसतात, त्यामुळे वर नुसतं सॉल्व्हंट ओतून तो हलत नाही, आधी त्याला कोणीतरी जोडीदार द्यावा लागतो.

काय लागेल ते सांगतो. फेरिक क्लोराईड पाव ग्रॅम १०० मिली पाण्यात, अमोनियम थायोसायनेट ५ ग्रॅम ५० मिलीत, इथाइल ॲसिटेट, थोडं डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि १०० मिलीचं सेपरेटिंग फनेल (वर बूच, खाली उघडबंद होणारी नळी असलेलं काचेचं नरसाळं). पाणी बोअरचं घेऊ नका, आपल्याकडचं जड असतं, लोह गढूळ तपकिरी होऊन बसतं, गॅरेजमधून बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी आणा, बॅटरीचं ॲसिड नव्हे. जुन्या प्रॅक्टिकल बुकात ईथर लिहिलेलं दिसेल, पण ते ३५ डिग्रीच्या आसपासच उकळतं आणि आपल्याकडे मार्च संपायच्या आत त्याच्या वर पारा जातो, बाटली उघडली की फुस्स, वर आग लागायची भीती. इथाइल ॲसिटेट ७७ ला उकळतं. पेट तेही घेतं, बर्नर बंद, खिडक्या उघड्या, हातात ग्लोव्ह्ज आणि डोळ्याला चष्मा. आणि लग्नातले उरलेले पारदर्शक ग्लास वापरू नका हो, मी एकदा वापरले, पोरांसमोर ग्लासाचं बूड मऊ पडून सगळं टेबलावर, वर्गभर नेलपॉलिशचा वास.

आता फनेलमध्ये ५ मिली लोहाचं द्रावण, १५ मिली पाणी, ॲसिडचे दोन-तीन थेंब आणि २० मिली इथाइल ॲसिटेट. हलवा. काहीच होत नाही, वरचा थर स्वच्छ. हे 'काहीच नाही' नीट दाखवा, घाई करू नका. मग ५ मिली थायोसायनेट घाला, लोहाचा जोडीदार हाच, खाली रक्तासारखा लाल रंग येतो. बूच दाबून फनेल उलटं करा, तोंड माणसांपासून लांब धरून नळी उघडा, आत कोंडलेली वाफ सुटते, बंद करा, पुन्हा हलवा, असं चार-पाच वेळा. स्टँडला लावा आणि थांबा. लाली वर चढलेली असते, खालचं पाणी फिकं.

खालचा थर सोडताना वरचं बूच काढायला पोरं हमखास विसरतात, मग "सर, नळी चोकअप झाली."

पाण्यात थोडी लाली राहतेच. त्यावर नवीन सॉल्व्हंट घालून परत हलवा, आणि हिशोब फळ्यावर मांडा: समजा लोहाचं सॉल्व्हंटमधलं प्रमाण पाण्याच्या चौपट राहतं, पाणी ३० मिली. ३० मिली सॉल्व्हंट एकदम घातलं तर २० टक्के लोह पाण्यात उरतं, तेच १०-१० मिली तीनदा घातलं तर ८ टक्केच. सॉल्व्हंट तेवढंच! हैदराबादच्या न्यूक्लियर फ्यूएल कॉम्प्लेक्समध्ये युरेनियम शुद्ध करतात ते याच तत्त्वावर, तिथे जोडीदार ट्रायब्यूटाइल फॉस्फेट, रॉकेलसारख्या तेलात मिसळलेला.

शेवटी लोह परत खाली उतरवायचं. लाल थर वेगळा घेऊन त्यात १० मिली ऑक्झॅलिक ॲसिडचं ५ टक्के द्रावण घालून हलवा. ऑक्झॅलेट लोहाला थायोसायनेटपेक्षा घट्ट धरतं, वरची लाली जाते, लोह फिकट पिवळसर होऊन पाण्यात. मागच्या बाकावरची पोरं इथेच उठून पुढे येतात.

थायोसायनेटजवळ कडक ॲसिड किंवा ब्लीचिंग आणू नका, विषारी वायू सुटतो. उरलेलं बेसिनमध्ये नाही ओतायचं, लेबल लावलेल्या काचेच्या बाटलीत भरून ठेवा, आणि लॅब असिस्टंटला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते सरबत समजून कोणीतरी उघडेल.